खाली म्हणजे निल नव्हे

चरणजित सिंग यांची रेकॉर्ड मी पहिल्यांदा सलग ऐकली ती महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या स्लीपर डब्यात, पुण्याहून शेगावला येताना. नाव लांबलचक आहे: 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. १९८२ साली एचएमव्हीच्या लेबलवर निघालेली एलपी. चरणजित सिंग मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार, बेस, कीबोर्ड वाजवायचे. त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली. सूर वाजवायला ज्युपिटर-८, बेसला टीबी-३०३ आणि तालाला टीआर-८०८. त्यांवर भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाने ती 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या लेबलवर पुन्हा काढली आणि एकदम बोलबाला झाला. शिकागोत 'फ्युचर' या ग्रुपचा 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७ चा, त्यातून ॲसिड हाउस नावाचा प्रकार सुरू झाला असं मानतात, आणि इथे तेच ३०३ यंत्र, तोच गुळगुळीत बुडबुड्यांसारखा बेस, पाच वर्षं आधी, आणि तोही मुंबईत! दर काही महिन्यांनी हे सांगणारं एखादं रील तुमच्याही फोनवर येत असेल.

मलाही रेकॉर्ड आवडली. पण चौथ्या-पाचव्या रागापर्यंत येता येता एक गोष्ट खटकायला लागली. मला सवय आहे, गाणं ऐकताना मांडीवर हाताने ताल धरायची. सम, टाळी, खाली, टाळी. खालीला हात उलटा करून बाजूला न्यायचा, वाजवायचा नाही. आणि या रेकॉर्डवर माझा हात उलटा व्हायलाच तयार नव्हता. जिथे करावा तिथे 'धप्' असं वाजतच होतं. भुसावळ गेलं, मलकापूर गेलं, शेगावला उतरेपर्यंत मी दहाही राग ऐकले आणि एकदाही हात उलटा झाला नाही.

तेव्हा हे फक्त खटकलं. का खटकलं ते कळायला पुढचे दोन महिने लुआ भाषेत एक छोटा सिक्वेन्सर लिहावा लागला.

तो का लिहिला ते आधी सांगतो. आमचं गाव खामगाव तालुक्यात. माझे आबा, म्हणजे आजोबा, गावातल्या भजनी मंडळात चाळीसेक वर्षं तबला वाजवायचे. भजनी ठेका तर होताच, पण तरुणपणी एका गुरुजींकडे शिकल्यामुळे तीनताल, झपताल, रूपक हेही त्यांच्या हातात होतं. मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. बोलणं परत आलं, चालणं काठीने का होईना पण आलं, डावा हात आला नाही. तबल्यात डाव्या हाताखाली डग्गा असतो. म्हणजे आबांकडे उजवा उरला, 'ना' आणि 'तिं' उरले, 'धा' गेला. 'धा' हा एका हाताचा बोल नाहीच, उजव्याचा 'ना' आणि डाव्याचा 'ग' एकत्र पडले की तो होतो. त्या गाडीत मी होतो कारण दिवाळीत ते मला म्हणाले होते, "तू कॉम्प्युटरचा इंजिनिअर हायेस ना बाबू, मले एक डावा हात करून दे."

ते हसत म्हणाले होते. मी ते कामासारखं घेतलं.

तबला वाजवणारी यंत्रं काही नवी नाहीत. बंगळुरूच्या रेडेल कंपनीची 'तालमाला' कित्येक गाणाऱ्यांच्या घरी असते, फोनवर ॲप्स तर ढीगभर. पण ती पूर्ण तबला वाजवतात. आबांना पूर्ण तबला नको होता. उजवा हात त्यांच्याकडे होता आणि तो कुणाला द्यायची त्यांची तयारी नव्हती. त्यांना फक्त डग्गा हवा होता, त्यांच्या बोटाने चालू-बंद करता येईल असा, आणि तालाप्रमाणे लहानमोठा होणारा.

हे करायला सोपी वस्तू म्हणजे स्टेप सिक्वेन्सर. एका ओळीत सोळा घरं. एक दिवा पहिल्या घरापासून सोळाव्यापर्यंत पळतो आणि परत पहिल्यावर येतो. ज्या घराचं बटण दाबलेलं, तिथे आवाज. सिंग यांचं टीआर-८०८ हेच करतं. त्याच्या पुढ्यात सोळा बटणं आहेत, चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. पहिल्यांदा त्याचा फोटो पाहिला तेव्हा मला वाटलं, अरे, हा तर तीनताल आहे! सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग, रंगसुद्धा वेगळे.

इथेच फसलो.

लुआबद्दल दोन शब्द. रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ मध्ये तयार झालेली ही भाषा, पोर्तुगीजमध्ये नावाचा अर्थ चंद्र. रोब्लॉक्स खेळलेल्यांनी तिचीच एक शाखा पाहिली आहे. मी 'लव्ह' नावाची गेम बनवायची लुआवर चालणारी चौकट घेतली, कारण ती लॅपटॉपवर चालते तशी अँड्रॉइडवरही चालते आणि आबांकडे अँड्रॉइड आहे. डग्ग्याचे आवाज चुलतभावाने आबांच्याच डग्ग्यावर मारले, मी फोनवर रेकॉर्ड केले. उघडा 'ग' आणि बंद 'क', दोनच. डग्ग्यावर मनगट घासून जी मींड काढतात ती मी सोडून दिली, ते माझ्या आवाक्याबाहेरचं होतं.

लुआची एक गंमत म्हणजे तिच्यात मोजणी एकपासून सुरू होते. कॉलेजात सी शिकलेल्या कुणालाही हे आधी विचित्र वाटतं, तिथे पहिलं घर शून्य क्रमांकाचं. पण ताल लिहायला बसलात की हायसं वाटतं. सम म्हणजे एक. पुढचं घर काढायचं तर आताच्या क्रमांकाला सोळाने भागून बाकी घ्यायची आणि मग एक मिळवायचा. सोळाव्यावर बाकी शून्य, अधिक एक, आलो समेवर.

पहिली चूक वेळेची झाली. गेमची चौकट सेकंदाला साधारण साठ वेळा विचारते, 'काही करायचंय का?' म्हणजे दोन प्रश्नांत सुमारे १७ मिलिसेकंद जातात. मात्रेची वेळ भरली की घड्याळ शून्यावर आणायचं, असं मी लिहिलं होतं. पण वेळ नेमकी प्रश्नाच्या क्षणी भरत नाही, दोन प्रश्नांच्या मधे भरते, आणि वरचे मिलिसेकंद मी प्रत्येक मात्रेला फेकून देत होतो. सरासरी आठ धरले तरी सोळा मात्रांत सव्वाशेच्या वर. दर आवर्तनाला जवळजवळ सेकंदाचा आठवा भाग लय ढिली. आबांना मिलिसेकंद माहीत नाहीत. ते म्हणाले, "हे म्हातारं होऊन राह्यलं माझ्यासारखं." मग शून्यावर आणण्याऐवजी मात्रेची लांबी वजा करायची आणि उरलेलं पुढच्या मात्रेत धरायचं, असा एका ओळीचा बदल केला. मागे पडणं थांबलं.

आता मुख्य भाग, गाळता येणारी घरं. दादऱ्याला सहा मात्रा, रूपकाला सात, केरव्याला आठ, झपतालाला दहा. प्रत्येकासाठी वेगळा कार्यक्रम लिहिण्यापेक्षा सोळाच घरं ठेवावीत आणि नको ती गाळावीत, असं ठरवलं. ही कल्पना माझी नाही. साठीच्या दशकातल्या मूग सिंथेसायझरच्या '९६०' या सिक्वेन्सरमध्ये आठ टप्पे होते आणि प्रत्येकाखाली तीन जागांचा एक खटका: नेहमीसारखं वाजव, गाळ, किंवा इथे थांब. आजच्या कॉर्गच्या स्वस्त व्होल्का यंत्रांतही घर गाळता येतं.

गाळलेलं घर आणि गप्प घर यांत फरक आहे, आणि नव्याने सिक्वेन्सर हाताळणारा प्रत्येक जण इथे अडखळतो. गप्प घरात आवाज नसतो पण वेळ जातो. दिवा तिथे येतो, मात्राभर थांबतो, मग पुढे जातो. गाळलेल्या घरात वेळही जात नाही. दिवा त्यावरून उडी मारतो आणि आवर्तन एका मात्रेने लहान होतं. एक म्हणजे पंगतीत गप्प बसलेला माणूस, दुसरा म्हणजे पंगतीला न आलेला.

मी पुढचं घर शोधणारा लूप लिहिला: घर गाळलेलं असेल तर पुढे जा, तेही गाळलेलं असेल तर अजून पुढे. घरी आल्यावर आबांनी बोट फिरवत सोळाही घरं गाळून टाकली, काय होतं ते बघायला. फोन गोठला. लूप वाजवायला एक तरी घर मिळेल या आशेने गोल गोल फिरत राहिला, कायमचा. त्यावर उपाय सोपा आहे, सोळा वेळा शोधून मिळालं नाही तर गप्प बसायचं. पण मला ते सुचलं नव्हतं, कारण कुणी सगळीच घरं गाळेल असं वाटलंच नव्हतं.

पण खरी फजिती निलने केली.

लुआत 'निल' म्हणजे काहीच नाही. मी विचार केला, डग्गा नको त्या घरात निल ठेवू. तीनतालात खाली नवव्या मात्रेवर, म्हणून नऊ ते बारा या चार घरांत निल ठेवला. चाललं. मग तिहाईसाठी काहीतरी करून बघताना सोळाव्या घरातही निल ठेवला आणि ताल एकदम अर्धा झाला. आठ मात्रा वाजवून दिवा परत एकवर. मी अर्धी रात्र दिवा हलवणारा कोड तपासला. चूक तिथे नव्हतीच. यादी किती लांब आहे असं लुआला विचारलं की ती एक एक घर मोजत नाही. माझ्याकडे तिने शेवटचं घर पाहिलं, ते रिकामं. मग मधलं पाहिलं, आठवं, ते भरलेलं. मग बारावं, रिकामं. दहावं, रिकामं. नववं, रिकामं. उत्तर: आठ. लुआच्या मॅन्युअलप्रमाणे यात चूक काही नाही. मधे भोकं असलेल्या यादीची लांबी विचारलीत तर भरल्या घराला लागून जिथे भोक सुरू होतं अशी कुठलीही हद्द उत्तर म्हणून मिळू शकते.

म्हणजे 'वाजवू नको' असं सांगायला मी 'हे घर नाही' असं सांगितलं होतं.

यावर साधा तोडगा 'फॉल्स' हा आहे. फॉल्स म्हणजे घर आहे, उत्तर नाही असं आहे. लांबी शाबूत राहते. मी सगळीकडे निल काढून फॉल्स घातलं आणि खूश झालो. शनिवारी आबा उजव्यावर बसले, फोन डग्ग्याच्या जागी चुंबळीवर ठेवला, तीनताल सुरू केला. दोन आवर्तनं झाली आणि त्यांनी हात उचलला.

"नववी रिकामी काहून ठेवली?"

"खाली आहे ना आबा. पुस्तकात नऊवर शून्य आहे."

"शून्य हाय. पण तिथं धा हाय."

मी वर्षानुवर्षं तीनताल ऐकत आलोय, हाताने धरत आलोय आणि हे मला माहीत नव्हतं. म्हणून बघा. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. खालीचा विभाग नवव्या मात्रेपासून सुरू होतो, हात तिथे उलटतो, पण नवव्या मात्रेवर बोल 'धा' आहे, डग्ग्यासकट. डग्गा जातो दहाव्यावर. आणि परत येतो चौदाव्यावर, तेराव्यावर टाळी असूनही. हाताची खाली नऊ ते बारा, कानाची खाली दहा ते तेरा. सोळापैकी बारा मात्रांना डग्गा, चारांना नाही, आणि त्या चार मात्रा विभागाच्या चौकटीत बसतच नाहीत, एका मात्रेने पुढे सरकलेल्या आहेत.

८०८ च्या रंगीत बटणांवर मी भाळलो होतो ते इथे कोसळलं. चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी ही विभागणी फक्त दिसायला तीनतालासारखी. पिवळी चार बंद केली की खाली होत नाही.

आणि दहा ते तेरा ही घरं गप्पही नाहीत. उजवा तिथे वाजतोच. खाली म्हणजे शांतता नव्हे. नाद आहे, फक्त त्यातला खालचा घुमारा काढून घेतलेला. गाणाऱ्याला डोळे मिटून कळतं की आवर्तनाचा उत्तरार्ध लागला, आता डग्गा परत येईल, त्यानंतर तीन मात्रांत सम. चौदाव्यावरचा तो 'धिं' ऐकून गवई जागेवर येतो. खाली म्हणजे ठेक्याने दिलेला पत्ता आहे.

भातखंड्यांनी खालीसाठी शून्य ही खूण ठेवली. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६), मुंबईच्या वाळकेश्वरचे, पेशाने वकील. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' त्यांनी मूळ मराठीतच लिहिली. त्यांच्या लिपीत समेखाली फुली, पुढच्या टाळ्यांखाली २, ३ आणि खालीखाली ०. मी शाळेत असल्यापासून त्या शून्याचा अर्थ 'इथे काही नाही' असा घेत होतो. इंजिनिअरिंगने तो समज पक्का केला. सीमध्ये शून्य म्हणजे खोटं, पायथॉनमध्ये, जावास्क्रिप्टमध्येही. पण लुआत नाही! लुआमध्ये अटीत खोट्या ठरणाऱ्या किंमती दोनच, निल आणि फॉल्स. शून्य खरं धरलं जातं. 'शून्य असेल तर वाजव' असं लिहिलं तर लुआ वाजवते.

मग माझ्या घरांना तीन किंमती मिळाल्या. एक म्हणजे उघडा डग्गा. फॉल्स म्हणजे गप्प. गाळलेल्या घरांची वेगळी यादी, त्यांचा या यादीशी संबंध नाही. आणि शून्य म्हणजे खाली: डग्गा वाजणार नाही, पण घर जिवंत, स्क्रीनवर दिवा निळा होतो आणि फोन हलकासा थरथरतो, म्हणजे आबांना कळावं की डावा हात गेलेला नाही, उचललेला आहे. तांत्रिकदृष्ट्या फॉल्स आणि शून्य दोन्हींत आवाज शून्यच. लॅपटॉपच्या स्पीकरवर फरक ऐकू येत नाही. आबांसाठी तो फरक सगळ्यात मोठा होता.

गाळण्याबद्दलचा माझा उत्साहही थोडा उतरला. सोळा घरांतून सहा गाळली की दहा मात्रा होतात, झपताल होत नाही. झपताल म्हणजे दोन-तीन-दोन-तीन, धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. लांबी म्हणजे ताल नव्हे याचा याहून चांगला पुरावा चौदा मात्रांत आहे. धमार चौदाचा, आडाचौताल चौदाचा, दीपचंदी चौदाचा, झूमराही चौदाचाच. सिक्वेन्सरला विचारलं तर हे चारही एकच, दोन घरं गाळलेला सोळा. दीपचंदी आणि झूमरा यांचे तर विभागसुद्धा सारखे, तीन-चार-तीन-चार. तरी एकावर ठुमरी आणि दुसऱ्यावर विलंबित ख्याल, आणि कुणी अदलाबदल करत नाही. शेवटी मी गाळायची सोय ठेवली, पण आबांनी ताल निवडला की घरांच्या किंमती त्या तालाच्या येतात. गाळणं आता फक्त खेळायला आहे. माझा चुलतभाऊ त्यावर साडेनऊ मात्रा कशा करता येतील ते शोधतोय.

आता रेकॉर्डकडे परत. हे सगळं झाल्यावर एका रात्री ओट्यावर बसून ती पुन्हा लावली आणि माझा हात का उलटला नव्हता ते लगेच कळलं. डिस्कोची व्याख्याच ही आहे की चारही ठोक्यांवर किक, म्हणजे खालचा घुमारा, अखंड. धप् धप् धप् धप्. किक म्हणजे कधीही न उचलला जाणारा डग्गा. खाली तयार होते ती घुमारा काढून घेतल्याने, आणि इथे तो काढायचाच नाही ही अट आहे. त्यामुळे दहा रागांत खाली नाही हा योगायोग नाही. ललत पहाटेचा, मालकंस रात्रीचा, मेघमल्हार पावसाचा, पण पायाखालची जमीन दहाही वेळा तीच.

यंत्राला दोष देऊन सुटता येणार नाही. ८०८ वर पॅटर्न सोळापेक्षा लहान करता येतो, किक हव्या त्या घरातून काढता येते. सिंग यांनी ठरवलं असतं तर दहा ते तेरा या चार घरांची किक बंद करून, बाकी झांजांचे आवाज तसेच ठेवून, खालीच्या जवळ जाणारं काहीतरी करता आलं असतं. त्यांनी केलं नाही. का, हे नावातच आहे: 'टू अ डिस्को बीट'. १९८२ हे मुंबईत डिस्कोचं वर्ष, आणि फसवणूक कुठेच नाही. राग घेतले, ताल सोडला, आणि मुखपृष्ठावर तसं लिहूनही टाकलं. माझा राग आहे तो रेकॉर्डवर नाही, तिच्याबद्दल जे बोललं जातं त्यावर. 'ॲसिड हाउसच्या आधीचं ॲसिड हाउस' हे कौतुक शिकागोची पट्टी लावून केलेलं आहे. त्या पट्टीवर ती पाच वर्षं पुढे आहे, ठीक. पण ती मुंबईत झाली, रागांवर झाली, आणि तिच्यात रागाच्या जोडीदाराला रजा दिलेली आहे याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. भारतीय आणि पाश्चात्त्य यांचा 'संगम' म्हणून ती दाखवली जाते. संगम म्हणायला दोन्ही नद्या पूर्ण हव्यात. इथे एक नदी पूर्ण आहे आणि दुसरीचं फक्त वरचं पाणी.

माझ्या विरुद्ध बोलता येईल असं बरंच आहे. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशासमोर कुणी हात उलटा करून खाली शोधत बसत नाही, नाचतो. आणि नाचाच्या संगीताला पत्त्याची गरज नसते असंही नाही. क्लबमध्ये डीजे मधेच बेस काढून घेतो, सगळे हात वर करून वाट बघतात, आणि बेस परत येतो तेव्हा जो आरडाओरडा होतो तो चौदाव्या मात्रेवरच्या 'धिं'चाच लांबचा भाऊ आहे. फरक इतकाच की तिथे तो कितीतरी वेळाने एकदा येतो आणि कधी येणार ते डीजेच्या हातात. ठेक्यात तो दर आवर्तनाला ठरल्या जागी येतो, त्यात उपकार नसतो. ॲसिड हाउसने पुढे ही युक्ती शिकून घेतली. सिंग यांच्या रेकॉर्डवर तीही फारशी नाही.

जे आहे ते मात्र अस्सल आहे, हे सांगायलाच हवं. ज्युपिटर-८ वर सिंग जे सूर वाजवतात ते हाताने वाजवलेले आहेत. यंत्र चौकोनी चालतं आणि ते चौकोनाच्या कडेवर रेंगाळतात, तोडीत विशेष. कुठल्या सुरावर थांबायचं हे माहीत असलेला माणूस वाजवतोय हे पहिल्या मिनिटात कळतं. मला त्या रेकॉर्डमधलं सगळ्यात सुंदर काय वाटतं विचाराल तर तो एकटेपणा. एक शिकलेला हात, आणि त्याच्या खाली जे चाललंय ते त्याचं ऐकत नाही. आबांनी दोन तुकडे ऐकले. इअरफोन काढून म्हणाले, "माणूस शिकेल हाय. पन संगतीले कोनी नाही त्याच्या."

चरणजित सिंग २०१५ मध्ये मुंबईत गेले. शेवटच्या काही वर्षांत त्यांना परदेशी मंचांवर हीच रेकॉर्ड वाजवायला बोलावलं गेलं, सत्तरी ओलांडलेला माणूस आणि पुढे त्याच्या नातवंडांच्या वयाची पोरं. तेव्हाही ताल यंत्राचाच होता.

माझ्या यंत्रातही तो दोष आहेच. ते ऐकत नाही. लय बोटाने ठोकून सांगता येते, पण एकदा सुरू झालं की आबांनाच त्याच्या मागे जावं लागतं, आणि भजनात गाणारा एखाद्या शब्दावर रेंगाळला की आबा उजव्याने त्याला सांभाळतात तेव्हा फोनमधला डग्गा पुढे निघून गेलेला असतो. मायक्रोफोनने उजवा ऐकून त्याप्रमाणे सरकणारा डग्गा करता येईल का, ते बघतोय. सोपं नाही.

सध्या आबांनी स्वतःच एक वाट काढली आहे. ते तीनताल सोडून रूपक वाजवतात. रूपकात सम आणि खाली एकाच जागी असतात: तीं तीं ना, धीं ना, धीं ना. सात मात्रांतल्या पहिल्या तीनला डग्गा नाहीच. म्हणजे आवर्तन त्यांचं ते एकट्याने सुरू करतात, पूर्ण, त्यात काही कमी नसतं, आणि फोन चौथ्या मात्रेवर येतो. मागच्या रविवारी मी शेजारी बसलो होतो, बटण दाबायचं काम माझ्याकडे. त्यांनी तीं तीं ना वाजवलं, मी बघत राहिलो आणि दाबायला उशीर झाला. ते थांबले नाहीत, सात मात्रा उजव्यानेच पुऱ्या केल्या आणि माझ्याकडे न बघता परत पहिल्यापासून सुरू केलं.